आठ शिपाई, एक गाढव आणि एक जातं

"बाई, त्यांना सुट्टी किती आसायची?"

रोमन शिपायांबद्दल सातवीच्या वर्गानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी फळ्यावर खडूनं ढाल काढत होते. तलवारीची लांबी, भाल्याचं वजन, शिरस्त्राणावरचा तुरा, सगळं रात्री पाठ करून आले होते. सुट्टीचं पुस्तकात काही नव्हतं.

"फारशी नसावी," मी म्हटलं.

"मग घरी कवा जायचं?" हणमंत घाडगे काही सोडेना.

"नोकरी संपल्यावर. वीस-पंचवीस वर्षांनी."

वर्गात एकदम हळहळ पसरली. "आन् पेन्शन?" मागच्या बाकावरून विलासनं विचारलं.

"पेन्शन नाही. जमीन मिळायची."

"फॅमिली क्वार्टर?"

"त्यांना नोकरीत असेपर्यंत लग्न करायची परवानगीच नव्हती."

मुली तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या. विलास मात्र गंभीरपणे म्हणाला, "मग भरतीला जात हुतं कोण, बाई?" मी फळ्यावरच्या ढालीला आणखी एक रेघ मारली.

तीस वर्षं झाली त्याला. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून हुरड्याला बोलावतात आणि ते बोलावणं मला गमवायचं नाही. तिथं घरटी एक माणूस फौजेत. पोरं चालायला लागायच्या आधी सावधान उभी राहतात, असं म्हणायचे. मी नाशिकहून पहिल्याच नोकरीवर आलेली कानिटकर बाई, वय वर्षं चोवीस, इतिहास विषय आणि डोक्यात नको तेवढा उत्साह. दर सव्वीस जानेवारीला शाळेत मावळ्यांची लढाई व्हायची. मावळे कोण होणार यावरून आदल्या आठवड्यात खरी लढाई व्हायची, आणि शत्रू व्हायला कोणीच तयार नसायचं. यंदा काहीतरी वेगळं करू, म्हणून मी साताऱ्याच्या वाचनालयातून रोमचं जाड पुस्तक आणलं. त्यात एक गोष्ट वाचली आणि यंदा रोमन छावणीच दाखवायची, हे माझं ठरलंच. रोमन फौजेत आठ शिपायांना मिळून एक तंबू असायचा, सामान वाहायला एक खेचर आणि दळायला एक जातं. दिवसभर चालायचं, संध्याकाळी खंदक खणायचा, तंबू ठोकायचा आणि मग आपापला गहू आपणच दळून आपली भाकरी आपण भाजायची.

हे मी वर्गाला सांगितलं.

"शिपाई दळायचे? गडीमानसं?" हणमंतनं विचारलं.

"हो."

"मंजी सगळीच लंगरात?" विलास म्हणाला आणि वळून चौथ्या बाकाकडे बघून हसला. "उजे, तुज्या बाबांची लई चैन झाली आसती की गं तितं!"

चौथ्या बाकावर उज्ज्वला निकम बसायची. ती ताडकन उठली. "माजे बाबा रणगाड्यावर हुते!"

"व्हय, डाळीच्या रणगाड्यावर!"

सगळा वर्ग खिदळला. मी पट्टी आपटली, विलासला उभं केलं, पण उज्ज्वला खाली बसली ती तास संपेपर्यंत वर बघेना.

तिचे वडील दगडू निकम सतरा वर्षं फौजेच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, कुक होते. गावात पारावर बसणाऱ्यांत सुभेदार होते, हवालदार होते, दोन लढाया बघितलेले नाईक होते. त्यांच्यात दगडूला कोणी वाईट बोलायचं नाही, फक्त कोणी फौजी म्हणायचं नाही. लग्न असो, बारसं असो, "लंगरला बोलवा" एवढंच. दगडूनं पाकिस्तानवर लाटणं फेकलं आणि ठाणं काबीज केलं, हा विनोद मी गावात आल्यापासून सहा वेळा ऐकला होता. सव्वीस जानेवारीला बाकीचे माजी सैनिक छातीवर पदकं लावून पुढच्या खुर्च्यांवर बसायचे. दगडू शाळेच्या मागे सगळ्या पोरांसाठी जिलबी तळत असायचा. हा रिवाज कोणी ठरवला होता असं नाही. पडला होता.

तास संपल्यावर उज्ज्वला नकाशाच्या कपाटापाशी घोटाळत उभी राहिली.

"बाई, मला आठांत घ्याल?"

"घेईन की. पहारेकरी हो."

"खंदकावर?"

"खंदकावर."

"आन् बाई..." ती ओढणीचं टोक पिळायला लागली. "भाकरीचं कायबी आसलं तर मी करीन. पर आमच्या बाबांना नका बोलवू. चार मानसांत सगळी हसत्यात त्यास्नी. त्येबी हसत्यात संगं. मला न्हाय बघवत."

आपल्या बापावर जग हसतंय आणि बापही त्यात सामील आहे, हे बारा वर्षांच्या मुलीनं इतक्या सरळ सांगितलं. मी तिला वचन दिलं. "नाही बोलवणार, शपथ."

मग तयारीला लागलो. ढाली म्हणून घराघरांतून जेवायचे पाट आले. शिरस्त्राणं म्हणून ॲल्युमिनियमची पातेली. त्यांवर तुरा कशाचा लावायचा हा प्रश्न होता. केरसुणीचे फडे लावू असं मी सुचवलं मात्र, दुसऱ्या दिवशी पाच आया शाळेत हजर. "बाई, लक्ष्मी हाय ती. पोराच्या डोक्यावर केरसुनी ठिवतात व्हय कुनी? तुमच्या नाशकात ठिवत आसतील." नाशकातही ठेवत नाहीत, पण मी वाद घातला नाही. शेवटी हणमंतनं मळ्यातून उसाचे तुरे आणले. जानेवारीत ऊस तुऱ्याला आलेलाच असतो. ते चंदेरी तुरे पातेल्यांवर इतके शोभले, की खुद्द रोममध्ये कोणी इतका रुबाबदार दिसला नसेल. खेचर नव्हतं, म्हणून कुंभाराचं गाढव मिळवलं. नावं पोरांनी आपली आपणच रोमन करून घेतली. हणमंतस, विलासस, उज्ज्वलस. गाढव झालं गाढवस.

सगळ्यात मोठी अडचण होती सुभेदार ज्योतिराम घाडगे. हणमंतचे आजोबा, शाळा समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना आबा म्हणायचं आणि घाबरायचंही. जात्याची बातमी त्यांच्या कानावर गेली आणि ते काठी टेकत शाळेत आले.

"बाई, सव्वीस जानेवारीला तुमी शिपाई दळताना दावनार?"

"ते खरंच दळायचे, आबा."

"दळत आसतील. लढतबी आसतील न्हवं? ते दावा. शिपाई लढतो. दळायला, रांधायला दुसरी मानसं आसत्यात."

"रोमन लोकांत दुसरी नव्हती, आबा. प्रत्येक जण आपापलं दळायचा. त्यामुळेच मला ते आवडलं."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी सुट्टीवर जाऊन परत न आलेला जवान आहे. "बरं. दावा. पर हसं झालं तर पुढच्या साली मावळे." एवढं बोलून ते गेले. मुख्याध्यापक पिसाळ गुरुजींनी मला हळूच सांगितलं, "बाई, आधी थोडी लढाई ठेवा. म्हाताऱ्याचं मन राहील." ते मी मानलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. पुढच्या खुर्च्यांवर पदकांची रांग झळकत होती, मधोमध आबा, फौजी टोपीत. शाळेच्या मागून तुपाचा वास येत होता. आणि माझी फौज मैदानात आली. डाव्या हातात पाट, उजव्या खांद्यावर काठी, काठीला बोचकं, डोक्यावर पातेलं आणि तुरा. मागून गाढवस, पाठीवर भरडायचं लहान जातं बांधून. टाळ्या पडल्या.

लढाई झाली ती कासवाची. रोमन शिपाई ढाली एकमेकींना लावून डोक्यावर छप्पर करत आणि त्याखाली सरकत जात, त्याला कासव म्हणत. आमचं कासव दहा पावलं झकास चाललं. अकराव्या पावलाला विलासचा पाट निसटून हणमंतच्या अंगठ्यावर पडला. हणमंतस मराठीत बोंबलला आणि कासवाचे आठ तुकडे झाले. खुर्च्यांवरचे हवालदार पोट धरून हसले. आबाही मिशीत हसले. इथवर ठीक होतं.

मग छावणी. खंदक आधीच खणून ठेवला होता, उज्ज्वला भाला घेऊन त्यावर उभी राहिली. चादरींचा तंबू उभा राहिला, शेजारी शेणी-गोवऱ्यांची चूल पेटली. गाढवसपुढे कडब्याची पेंढी टाकली. हणमंत आणि विलास जात्याला समोरासमोर बसले, खुंटा धरला आणि फिरवायला लागले.

तालमीत आम्ही जातं फिरवलं होतं, पण नुसतंच, गहू न घालता. आजही ते दोघे नुसतंच फिरवत राहिले. दगडावर दगड घासून असा कर्कश आवाज निघायला लागला की गाढवानं कान पाडले. गव्हाची पिशवी शेजारी तशीच पडलेली. मी बाजूनं खुणा करत होते, ती बघायला कोणाला फुरसत नव्हती.

तेवढ्यात शाळेमागून खणखणीत आवाज आला, "आरं मोकळं काय फिरवताय! दगुड झिजल की! वैरन घाला, वैरन!"

जात्यात मूठ मूठ दाणे सोडतात त्याला वैरण घालणं म्हणतात. पण गावात पिठाची गिरणी येऊन पंधरा वर्षं झाली होती. या पोरांना वैरण एकच ठाऊक, गुरांपुढे टाकायची. आणि हुकूम आल्यावर विचार करायचा नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं. विलास उठला, गाढवापुढचा मूठभर कडबा उचलला आणि जात्याच्या तोंडात कोंबला.

मैदान फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. एका नाईकाची टोपी पडली. गाढवसनं मान लांब केली आणि जात्यातला आपला कडबा परत खायला सुरुवात केली. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. पुढच्या साली मावळे, हे मला आबांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

आणि शाळेमागून झारा हातात घेऊन दगडू निकम आला. मी बोलावलं नव्हतं, देवाशपथ. जात्याचा तो आवाज त्याच्यातल्या आचाऱ्याला सहन झाला नाही, एवढंच. अंगात तेलकट बनियन, खांद्यावर पंचा, डोकं उघडं.

"लंगर आला, लंगर!" खुर्च्यांमधून कोणीतरी म्हणालं. "आता रोमची भूक भागली!"

दगडू नेहमीसारखा हसला. मी खंदकाकडे बघितलं. उज्ज्वला पाठ फिरवून उभी होती. भाल्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

दगडूनं जात्यातला कडबा काढला, जात्याच्या कडेची पाळ पुसली आणि विलासला म्हणाला, "ही बघ वैरन. मूठ भरायची, घास घालायचा. बाळाला भरवतो तसा. लई न्हाय, कमी न्हाय. हां. आता वड."

जात्याचा आवाज बदलला. घरघर यायला लागली आणि पाळीतून पीठ झरलं. पोरं ओरडली, "आलं, आलं!" दगडूनं ते आम्ही आणून ठेवलेल्या गिरणीच्या पिठात मिसळलं आणि उज्ज्वला सोडून सातांनाही मळायला बसवलं. कोणाचा गोळा सैल, कोणाचा घट्ट. तो एकेकाच्या हातावर हात ठेवून दाखवत होता. जाडजूड रोडगे झाले, शेणीच्या निखाऱ्यांत गेले. हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. लोक पुढे सरकून बघायला लागले. पदकवालेसुद्धा खुर्च्या ओढत जवळ आले.

रोडगे भाजेपर्यंत हणमंतनं आपलं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "आमी एका तंबूतले आठ शिपाई. एकत्र चालतो, एकत्र जेवतो, एकमेकांची नावं मरेपर्यंत विसरत न्हाय. मी हणमंतस, ह्यो विलासस..." आठ नावं झाली. पुढे त्यानं भाषणात नसलेलं एक वाक्य घातलं. "आबा, तुमच्या तंबूत कोन कोन हुतं?"

आबा खूश झाले. काठी दोन्ही हातांत धरून ताठ बसले आणि नावं सांगायला लागले, गावासकट. शंकर मोहिते, अमुक गावचा. बाजी साळुंखे, तमुक गावचा. चाळीस वर्षांपूर्वीची सात नावं त्यांनी एका दमात सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आन् तुमच्यात दळायचं कोन?" हणमंतनं विचारलं.

"दळायचं कशाला? आटा यायचा."

"मग भाकरी?"

"ती लंगरातनं यायची. बर्फात आमची चौकी लई वर हुती. एका साली अकरा दिस वाट बंद. खालच्या ठान्यावरनं एकजन रोज वर यायचा. कमरंला दोर बांधून, पाठीवर पुऱ्यांचं पोतं. छातीएवढं बर्फ. आमी आठ जन त्येच्या जिवावर राह्यलो."

"त्येचं नाव काय, आबा?"

आबांनी तोंड उघडलं. मिटलं. काठी या हातातून त्या हातात घेतली.

"त्येला आमी... लंगरच म्हनायचो," ते म्हणाले.

हणमंत आजोबांकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, आबांना आठवतंय, आत्ता सांगतील.

"त्येच्या पायाची बोटं गेली बर्फानं," आबा म्हणाले. आवाज एरवीचा नव्हता. "मोठ्या दवाखान्यात नेलं हुतं. मी सुट्टीवर येताना भेटाय गेलो. दारावरच्या शिपायानं इचारलं, कोन पायजे? मी काय सांगनार? नावच म्हाईत न्हाय. तसाच माघारी आलो."

निखाऱ्यांत एक रोडगा करपायला लागला होता. दगडूनं तो हातानंच उलटला.

आबा उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली, दोन पावलं चालत पुढे आले आणि दगडूसमोर उभे राहिले.

"निकम."

"जी, साहेब."

"तुजी पल्टन कुठली? तुला मी कदी इचारलंच न्हाय."

दगडू चुलीपासून उठला. उठताना तो आमच्या गावचा वाकलेला आचारी होता. उभा राहिला तेव्हा टाचा जुळलेल्या होत्या, हनुवटी वर. त्यानं आपला नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, पलटण सांगितली. मग म्हणाला, "दगडू सखाराम निकम, साहेब. सतरा साल सर्व्हिस."

त्याचा हात सॅल्यूटला उठला आणि अर्ध्यातच थांबला. उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दगडू इकडेतिकडे बघायला लागला. हणमंतच्या ते ध्यानात आलं. त्यानं आपल्या डोक्यावरचं पातेलं काढलं आणि टाचा उंच करून दगडूच्या डोक्यावर ठेवलं, तुऱ्यासकट.

उसाचा तुरा वाऱ्यावर डुलत होता, बनियनला तेलाचे डाग होते. अशा अवतारात दगडू निकमनं कडक सॅल्यूट ठोकला. कोणीही हसलं नाही. सुभेदार ज्योतिराम घाडग्यांनी तितक्याच कडकपणे त्याला सॅल्यूट केला, आणि मागच्या खुर्च्यांवरची सगळी पदकं खणखणत उभी राहिली.

मग रोडगे वाटले. जिलबी वाटली. आबा पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले आणि "निकम, अजून एक टाक," म्हणाले. रोम काय, सातारा काय, भुकेला सगळे सारखेच, असं पिसाळ गुरुजी दर रोडग्याला म्हणत होते. दगडू पातेलं डोक्यावर तसंच ठेवून वाढत फिरत होता. कणकेनं भरलेल्या हातानं सॅल्यूट केल्यामुळे त्याच्या उजव्या भिवईवर पिठाचा पांढरा पट्टा उमटला होता. त्याला त्याचा पत्ता नव्हता.

मला वाटलं, बिचारा असाच गावभर जाईल. पंच्यानं पुसून घ्या म्हणून सांगायला मी पुढे झाले. इतक्यात कोणीतरी माझा पदर मागून धरला. उज्ज्वला होती. भाला खंदकावरच टाकून आली होती.

"नका, बाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच."